पंखवाल्यांच्या बंदरात उतरताना (दीर्घकथेसाठी मदत हवी)

सायंतारा

नमस्कार. गेले चार महिने एक दीर्घकथा लिहिते आहे आणि पहिल्याच प्रसंगापाशी अडले आहे.

कथा एका काल्पनिक बंदरातली. तिथली माणसं पंखवाली. हात, पाय, चेहरा आपल्यासारखाच, शिवाय पाठीला पंख. लांबच्या देशातून एक बिनपंखांची बाई जहाजाने तिथे येते. ती व्यापारी नाही, कुणाची दूतही नाही. तिच्या घरातल्या जुन्या नकाशावर हे बंदर म्हणजे नुसता एक ठिपका आहे आणि तो ठिपका तिला डोळ्यांनी बघायचा आहे, एवढंच. शहराचं नाव ठरलेलं नाही, सध्या 'बंदर' म्हणते.

पहिला मसुदा असा होता:

"जहाज धक्क्याला लागलं तेव्हा सारं आकाश पंखांनी भरून गेलं होतं. पांढरे, करडे, तांबूस पंख. उंच मनोरे उन्हात चमकत होते. ती भान हरपून वर बघत राहिली."

हे वाचलं की मला काहीच होत नाही. वाक्यं चुकलेली नाहीत, पण ही बाई तिथे उतरलेलीच नाही. भिंतीवरचं चित्र पाहावं तसं तिने शहर पाहिलंय. जहाज आल्यावर नेमकं काय घडेल? कोण सामोरं येईल? पायी चालणाऱ्याला असं शहर कसं लागेल? पंख ही एकच सूट मी घेतली आहे. वारा, पाणी, वजन हे सगळं आपल्याच जगातलं ठेवायचं आहे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहा.

डोलकाठी

ताई, धक्क्याला लागायची फार घाई केलीत. मी काही वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आहेत. परक्या बंदरात जहाज थेट आत शिरत नाही. आधी बाहेर नांगर टाकून थांबायचं. मग बंदराचा पायलट येतो आणि त्याच्या सांगण्यावरून जहाज आत जातं, कारण खडक कुठे, गाळ कुठे साचलाय, भरतीचं पाणी किती वेळ पुरेल हे त्याला पाठ असतं. तो होडीतून येतो आणि चालत्या जहाजाच्या अंगाला सोडलेल्या दोरशिडीवरून वर चढतो. समुद्र खवळलेला असला की ही चढण बघणाऱ्याच्याही पोटात गोळा आणते.

तुमचा पायलट उडत येणार असेल तर तो उतरेल कुठे? शिडाच्या जहाजावर रिकामी जागा अशी नसतेच. डोलकाठ्या, त्यांना धरून ठेवणारे ताण, शिडांचे दोर. पंख पसरून येणाऱ्यासाठी ते पसरलेलं जाळंच आहे. म्हणून या बंदराचा पहिला नियम दोरांबद्दल असणार. शिडं उतरवा, मागची बाजू मोकळी ठेवा, प्रत्येक ताणावर रंगीत चिंध्या बांधा. तुमच्या बाईने आकाश बघण्याच्या दोन दिवस आधी खलाशांना चिंध्या फाडताना बघितलं पाहिजे. तिने विचारावं, हे कशासाठी? प्रसंग तिथून सुरू करा.

दुसरी गोष्ट रोगराईची. १३७७ साली रगुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना शहरात येण्याआधी महिनाभर बाहेर थांबायला लावणारा कायदा केला. त्यासाठी जवळची बेटं वापरली. पुढे तीसचे चाळीस दिवस झाले आणि 'चाळीस' या इटालियन शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द आला. आजही परक्या बंदराशी आलेलं जहाज पिवळा बावटा लावतं. त्याचा अर्थ, जहाजावर सगळे निरोगी आहेत, आत येण्याची परवानगी द्यावी. पंखवाल्यांना तर पिसांत लपून येणाऱ्या किडीची धास्ती असेल. त्यांच्याकडे असं बेट असणारच.

माळरान

डोलकाठी, चिंध्यांचं अगदी बरोबर. मी बरीच वर्षं पक्षी बघतो आहे. माळढोक वीजतारांवर आपटून मरतात. जड पक्षी, ऐनवेळी वळता येत नाही, आणि डोळे दोन बाजूंना असल्यामुळे नाकासमोरचं फार कमी दिसतं. म्हणून तारांवर फिरणाऱ्या, चमकणाऱ्या चकत्या लावतात. पंखवाल्या माणसांचे डोळे समोर आहेत, त्यामुळे त्यांना तार दिसेल, पण वजनाचा प्रश्न राहतोच.

आज उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत माळढोकाच्याच कुळातले नर येतात, १८-१९ किलोपर्यंत. त्यापुढे आज कुणी उडत नाही. फार पूर्वी क्वेट्झलकोअॅटलस नावाचा उडता सरीसृप होता. पंखांचा पसारा १० मीटरच्या आसपास, वजनाचे अंदाज २०० किलोच्या पुढेमागे. म्हणजे माणसाएवढं काही उडूच शकत नाही असं नाही, पण त्याची सगळी देहरचना त्यासाठीच घडलेली होती. तुमच्या लोकांची हाडं पोकळ, छाती पुढे आलेली, पाय बारीक असतील तर बिनपंखांच्या बाईला ते कृश आणि तरीही छातीने दांडगे दिसतील. आणि त्यांना ती? जड. पावलांचा आवाज करणारी.

शून्यमान

माणसाच्या ताकदीबद्दल एक खरा दाखला देतो. १२ जून १९७९ रोजी ब्रायन अॅलन या सायकलपटूने 'गॉसमर अल्बट्रॉस' हे पायडलवर चालणारं विमान इंग्लिश खाडीपार नेलं. २ तास ४९ मिनिटं लागली. विमानाचं वजन साधारण ३२ किलो आणि पंखांचा पसारा जवळजवळ ३० मीटर. माणूस स्वतःच्या बळावर हवेत राहू शकतो, पण त्याला एवढे लांब पंख लागतात आणि तो घामाघूम होतो.

तेव्हा पंख ६-७ मीटरचे ठेवायचे असतील तर या लोकांना फडफड परवडणार नाही. ते तरंगणारे असणार. आंडीज पर्वतातले कॉन्डर १५ किलोपर्यंतचे असतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की हवेत असतानाच्या वेळापैकी जेमतेम एक टक्का वेळ ते पंख हलवतात. त्यातला एक पक्षी पाच तासांहून जास्त वेळ, सुमारे १७२ किलोमीटर, एकदाही पंख न मारता गेला. वर जाणारी हवा शोधायची आणि तिच्यावर बसायचं.

म्हणून बंदर कड्यावर हवं. समुद्रावरून येणारा वारा कड्याला धडकून वर चढतो आणि कड्याच्या तोंडाशी उठाव मिळतो. कड्याच्या मागे मात्र तोच वारा गोल गोल घुसळतो, तिथे घर बांधायला कुणी धजणार नाही. शहराचा नकाशा वाराच आखेल.

नवी_पालवी

वाचताना अंगावर काटा येतोय! माझी एक इच्छा. कुणीतरी तिला उचलून, कुशीत घेऊन वर नेतं, आणि ती पहिल्यांदा शहर वरून बघते, असा प्रसंग नक्की घ्या. वाचकाला तो हवाच असतो.

शून्यमान

नवी_पालवी, मलाही आवडला असता. पण गणित बघा. वजन दुप्पट झालं की हवेत टिकायला लागणारा कमीत कमी वेग सुमारे १.४ पट होतो आणि लागणारी ताकद सुमारे २.८ पट. जो आधीच काठावर आहे तो दुसऱ्या माणसाला घेऊन कड्यावरून निघाला तर दोघंही खाली जातील. वरून खाली आणणं कदाचित जमेल, तेही जिवावर उदार होऊन. खालून वर नाही.

डोलकाठी

आणि इथेच मला बंदराचं मर्म दिसतं. ज्यांना ओझं उचलता येत नाही त्यांचं शहर बंदरावरच जगणार. धान्य, लाकूड, दगड, लोखंड यातलं काहीही पंखांवर येत नाही. म्हणजे धक्क्यावर यारी, कप्प्या, रहाट यांचं जंगल असेल. कड्याच्या तोंडाला वरपासून खालपर्यंत माल चढवायचे पाळणे लागतील, पण मोकळे दोर तर चालणार नाहीत. मग ते पाळणे कड्यात खोदलेल्या उभ्या विहिरींतून चढत असतील, आतल्या आत. तुमची बाई शहरात जाईल ती अशाच विहिरीतून, पोत्यांसोबत, अंधारात. तिच्यासाठी दुसरी वाटच नाही.

सायंतारा

डोलकाठी, "आतल्या आत" हे वाचून उठून दोन फेऱ्या मारल्या. आकाशात राहणाऱ्यांच्या शहरात ती जमिनीच्या पोटातून शिरते. हे मला कधीच सुचलं नसतं.

चौकट

घरबांधणी हा माझा व्यवसाय, म्हणून थोडं सविस्तर.

आधी जिने पुसून टाका. मग कठडे. कठडा पडू नये म्हणून असतो, आणि यांच्यासाठी पडणं ही उडण्याची पहिली पायरी आहे. प्रत्येक घराला पुढे आलेला एक कट्टा असेल, उतरायचा आणि झेप घ्यायचा. उतरताना पक्षी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून येतो, कारण समोरचा वारा वेग मारतो. विमानंही तेच करतात. आता समुद्रकाठी वारा दिवसाकाठी दोनदा दिशा बदलतो. दिवसा जमीन तापते, समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते, मग जमिनीकडून मतलई वारे वाहतात. तेव्हा प्रत्येक घराला दोन कट्टे लागतील. दिवसाचं दार आणि रात्रीचं दार. रात्री वारा जमिनीकडून, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उतरणारा समुद्राच्या बाजूने येणार, म्हणून रात्रीचं दार समुद्राकडे तोंड करून असेल. दिवसाचं दार घराच्या दुसऱ्या बाजूला, घळीच्या अंगाला असेल. श्रीमंताकडे दोन्ही, गरिबाकडे एकच. ज्याच्याकडे एकच, त्याने संध्याकाळ व्हायच्या आत घरी पोचायचं किंवा रात्र दुसऱ्याच्या कट्ट्यावर काढायची. पाहुणचाराची सगळी रीत यातून उभी राहू शकते. कट्ट्यावर उतरलेल्याला हाकलायचं नाही, मग तो कुणीही असो.

गल्ल्या अरुंद चालतील. पंख मिटले की माणूस आटोपशीर होतो. जागेची चणचण असेल ती उतरायच्या जागेची.

खुर्च्यांना पाठ नसेल. झोपायला पालथं किंवा कुशीवर, म्हणून अंथरूण मऊ आणि मध्ये खोलगट. पाऊस लागलेले पंख वाळवायला प्रत्येक घरात एक रुंद खोली, चुलीच्या भिंतीला लागून. पाणकावळे पंख पसरून उन्हात बसतात ना, तसं अख्खं कुटुंब पावसाळी संध्याकाळी त्या खोलीत हात-पंख पसरून बसलेलं मला दिसतंय. गप्पा तिथेच होत असतील, भांडणंही. हवं तर पाहुणीला तिथे बसवा. तिच्याकडे वाळवायला काहीच नाही.

कानामात्रा

चौकट, शेवटचं वाक्य वाचून थांबले.

मला भाषेबद्दल लिहायचं आहे. आपली मराठी या लोकांच्या तोंडी घातली की तिचे अर्थ उलटेपालटे होतात. आपण कौतुकाने म्हणतो, एवढा मोठा झाला तरी पाय जमिनीवर आहेत. त्यांच्यात हे आजाऱ्याबद्दल म्हणतील, हळू आवाजात. आपण "हवेत आहे" म्हणजे गर्व झालाय म्हणतो, त्यांच्यात त्याचा अर्थ फक्त "घरी नाही, कामावर गेलाय". आणि मला सर्वांत आवडलेलं म्हणजे "वाऱ्यावर सोडणं". आपल्याकडे आईबापांनी लेकराला वाऱ्यावर सोडलं म्हणजे त्याचं कुणी राहिलं नाही. त्यांच्याकडे तो घरातला सर्वांत मोठा दिवस असेल. "आज धाकटीला वाऱ्यावर सोडलं" असं म्हणताना आईचा गळा भरून येईल, पण आनंदाने.

तुमच्या बाईला हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकू येऊ दे. ती हादरेल. तिला वाटेल, कसल्या निर्दय लोकांत आले. खरा अर्थ पुढे, पन्नास पानांनी कळू दे.

दिशांचंही बघा. डावं-उजवं, पूर्व-पश्चिम यांपेक्षा ते "वाऱ्याकडे" आणि "वाऱ्यामागे" असंच सांगतील. संध्याकाळी वारा फिरला की त्याच घराचा पत्ता फिरला. ती सकाळी विचारून घेतलेल्या खुणांवर रात्री चुकणार.

पैलतीर

सगळं वाचलं. एक आक्षेप आहे, आणि तो मनापासून आहे. वर राहणारे पंखवाले थोर आणि खाली धक्क्यावर गरीब, अपंग, म्हातारे, ही मांडणी आपोआप होते आहे. कड्यावरचं शहर म्हटलं की वरचे आणि खालचे आलेच. हे इतकं सरावाचं झालंय की वाचक पुढचं पान न वाचता सांगेल, पाहुणी खालच्यांची बाजू घेईल. याशिवाय काही निघत नाही का?

माळरान

पैलतीर, निघतं. पिसं झडण्याकडे बघा.

पीस ही जिवंत वस्तू नाही. ते झिजतं, उन्हाने विटतं, आणि ते गाळून नवं उगवावं लागतं. बहुतेक पक्षी उडण्याची पिसं एकेक करून टप्प्याने बदलतात, त्यामुळे त्यांचं उडणं थांबत नाही. पण बदकं, हंस आणि रानहंस ही पिसं एकदमच टाकतात आणि काही आठवडे अजिबात उडू शकत नाहीत. शेल्डक जातीची बदकं तर या दिवसांत मुद्दाम सुरक्षित उथळ किनाऱ्यांवर गोळा होतात. उत्तर युरोपातल्या वाडेन समुद्रात त्यांचे प्रचंड थवे पिसं बदलायला येतात.

तुमच्या लोकांची पिसं अशी एकदम झडत असतील तर? मग खाली राहणारा असा वेगळा वर्गच उरत नाही. प्रत्येक जण, अगदी राजासुद्धा, दर वर्षी काही आठवडे पायी असतो. धक्का ही सगळ्यांची पाळीपाळीने येणारी जागा होते. माल उतरवणारे, रहाट फिरवणारे, होड्या वल्हवणारे हात त्यांचेच. आज जो न्यायाधीश आहे तो पुढच्या महिन्यात पोती मोजत असेल.

शून्यमान

इथे माझा थोडा मतभेद. जे तरंगून उडतात ते बहुतेक टप्प्याने पिसं बदलणारेच असतात. गिधाडं, गरुड, अल्बट्रॉस यांच्यापैकी कुणी असं एकदम जमिनीवर येत नाही. बदकं पाण्यावर पोट भरतात, म्हणून त्यांना ते परवडतं. कड्यावरच्या शिकाऱ्याला नाही परवडणार.

माळरान

बरोबर आहे. पण ही माणसं आहेत, एकमेकांना खायला घालतात. ज्याला कुणी पोसणारं आहे त्याला काही आठवडे खाली बसणं परवडतं. उलट जड देहाला दोनचार पिसं कमी असतानाही उडणं धोक्याचं, तेव्हा सगळं एकदम उरकून घेणं त्यांच्या फायद्याचं. पक्ष्यांत हे दिसत नाही हे मान्य, कथेत मला ते पटतं.

शून्यमान

एकमेकांना पोसण्याचा मुद्दा मी धरला नव्हता. मागे घेतो.

कानामात्रा

या काळाला शब्द हवा. "झड" कसा वाटतो? आपल्याकडे झड म्हणजे न थांबता लागलेला पाऊस, माणसाला घरात बसवून ठेवणारा. पिसंही झडतात. "आई झडीला बसली आहे." मला तर तो आत्ताच खरा वाटायला लागलाय. आणि डोलकाठींचं ते बाहेरचं बेट, आलेल्या जहाजांना थांबवायचं, तेच झडीला बसणाऱ्यांचंही असेल का? ज्यांना उडता येत नाही असे दोन्ही तिथे. झडबेट.

पैलतीर

हो, हे हवं होतं. आक्षेप मिटला.

माळरान

आणखी एक गोष्ट कालपासून डोक्यात घोळते आहे. सर्वांत महत्त्वाची तीच असावी.

श्वेत बलाक हे मोठे तरंगणारे पक्षी. दर वर्षी युरोपातून आफ्रिकेत जातात. सरळ भूमध्य समुद्र ओलांडला तर वाट कितीतरी जवळची. पण ते तसं करत नाहीत. काही जिब्राल्टरच्या चिंचोळ्या पट्टीवरून जातात, काही पूर्वेकडे बॉस्फरसच्या सामुद्रधुनीवरून फिरून. कारण तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा समुद्रावर मिळत नाही. पाणी दिवसभरात फारसं तापत नाही. जमीन सुटली की त्यांच्या पंखांखालचा आधारच सुटतो. अल्बट्रॉस समुद्रावर आयुष्य काढतो, पण त्याचं तंत्र वेगळं आहे, तो लाटांवरच्या वाऱ्याच्या थरांवर खेळतो, आणि थकला तर पाण्यावर बसतो. माणसाएवढ्या जड अंगाला पाण्यावरून उठताच येणार नाही.

म्हणजे तुमचे हे कड्यावरचे लोक समुद्राला भीत असतील. कड्यापासून नजरेच्या टप्प्यात एवढंच त्यांचं आकाश. त्यापुढे आजवर कुणी गेलेलं नाही, आणि गेलं असेल ते परत आलेलं नाही. समुद्र ओलांडून येतात ती फक्त जहाजं. सायंतारा, तुमच्या मसुद्यात ती बाई शहराकडे भान हरपून बघते. मला वाटतं तेच तिच्याकडे तसे बघत असतील.

डोलकाठी

माळरान, यावर काही बोलायचं उरलं नाही. फक्त वेळेचं सांगतो. चौकट यांनी खारे आणि मतलई वारे सांगितले, त्या दोघांच्या मध्ये, तिन्हीसांजेला, वारा पडतो. पाणी तेलासारखं होतं. शिडाचं जहाज जिथल्या तिथे उभं राहतं. वाऱ्यावर तरंगणारे तुमचे लोकही त्या वेळेला उडू शकणार नाहीत. जहाज आणि शहर एकाच घटकेला अडलेलं असेल.

नवी_पालवी

म्हणजे ती पोचते तेव्हा आकाश रिकामं?

डोलकाठी

पूर्ण रिकामं.

सायंतारा

तीन दिवस उत्तर दिलं नाही त्याबद्दल माफ करा. लिहीत होते. पहिला मसुदा पुसला. आकाश पंखांनी भरलं होतं या वाक्याने सुरू केलेली कथा आता रिकाम्या आकाशाने सुरू होते. उभ्या विहिरी, दोन दारं, वाळवणीची खोली हे पुढच्या प्रकरणांत येईल, काहीही टाकणार नाही. "वाऱ्यावर सोडलं" मी खरंच पन्नास पानं राखून ठेवते आहे. आत्ता फक्त पोचण्याचा प्रसंग देते.

"वारा पडला तेव्हा बंदर समोर दिसत होतं. दोन दिवस खलाशांनी फाडून फाडून बांधलेल्या चिंध्या दोरांवर निपचित लोंबत होत्या. नाखव्याने नांगर टाकायला सांगितला आणि पिवळा बावटा वर चढवला. तोही काठीला चिकटून राहिला.

आकाशात कुणी नव्हतं. तिने सगळ्या वाटेत ज्याची वाट पाहिली होती ते आकाश कोरं होतं. मग तिची नजर कड्यावर गेली. तिला आधी वाटलं, कडा पांढऱ्या-करड्या दगडांचा आहे. मग त्यातला एक दगड हलला. दुसरा त्याच्याकडे सरकला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत कट्ट्याकट्ट्यावर माणसं बसली होती, पंख मिटून, गुडघे जवळ घेऊन, आणि सगळ्यांची तोंडं समुद्राकडे होती. कुणी बोलत नव्हतं. एवढं मोठं शहर, आणि पाण्यावर वल्ह्यांचा आवाज तेवढा येत होता.

होडी बेटाकडून आली. दोरशिडी सोडली गेली. चढून आलेली बाई साठीची असावी. छाती पुढे आलेली, पाय काडीसारखे. तिचे पंख उघडे होते, म्हणजे त्यांच्यावर पिसंच नव्हती. कातडीतून निळसर खुंट डोकावत होते. तिने ते लपवले नाहीत. कठड्याला धरून तिने दम घेतला, चालण्याची सवय नसलेल्या माणसासारखी.

'मी पायलट,' ती म्हणाली. 'झडीला बसले आहे, म्हणून होडीने आले. वारा उठेपर्यंत इथेच थांबू.'

नाखव्याने कागद पुढे केले. तिने ते घेतले, पण वाचले नाहीत. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती, जिथून जहाज आलं होतं तिकडे. तिकडे पाणीच पाणी होतं.

मग तिचं लक्ष पाहुणीकडे गेलं. ती जवळ आली, अगदी जवळ, आणि तिच्या खांद्यामागे डोकावून बघितलं. तिथे काही नव्हतं. तिने हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि परवानगी दिल्यासारखी पाहुणीने मान हलवली तेव्हा तळहात तिच्या पाठीवर ठेवला. हात कोरडा आणि हलका होता.

'किती दिवस?' तिने विचारलं.

'एकेचाळीस.'

'एकेचाळीस दिवस पाण्यावरून.' कड्याकडच्या माणसांना ऐकू जावं तसं तिने ते मोठ्याने म्हटलं. मग आवाज खाली आणून, लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, 'मध्ये कुठे टेकलात?'"

पुढचा भाग वाळवणीच्या खोलीपासून लिहायला घेतला आहे. चौकट, चुलीची भिंत किती जाड असावी?